देवदाराची राखण

रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात, नंदिनी धेनूच्या पाठोपाठ हिमालयातील गुहेपर्यंत गेलेल्या दिलीप राजाला जो सिंह आडवा येतो, तो स्वतःचा परिचय करून दिल्यावर लगेच समोरच्या एका देवदाराचा परिचय करून देतो. हा वृक्ष शंकराने पुत्र मानलेला असून पार्वतीने सुवर्णकलशांनी पाणी घालून तो वाढविला आहे. एकदा एका रानहत्तीने गंडस्थळाची खाज शमविण्यासाठी त्याच्या बुंध्याशी अंग घासले, साल सोलवटून निघाली, आणि देवीला स्कंदाच्या अंगी असुरांचे बाण रुतल्याइतके दुःख झाले. त्या दिवसापासून हत्तींना धाक बसावा म्हणून महादेवाने मला येथे नेमले आहे, आणि जवळ येईल ते जनावर हाच माझा तनखा, असे तो राजाला बजावतो. देवदाराच्या मुलखात सहसा रानहत्ती चढत नाही, ही शंका एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ काढील आणि ती योग्यही ठरेल. पण रोप लावणारी गृहिणी, त्याची नासाडी करणारे जनावर, त्यावर नेमलेला पहारेकरी आणि त्या पहारेकऱ्याचे पोट भरण्याची सोय, इतकी सगळी सामग्री ज्या प्रसंगात एकत्र आली आहे, त्यात या वृक्षाच्या पुढील दीड हजार वर्षांच्या कारभाराचा आराखडाच कालिदासाने घालून ठेवला आहे, असे मला वाटते. देवदार हा अरण्यात आपोआप उगवून आपोआप वाढणारा वृक्ष आहे हा समज मैदानी माणसाचा. पहाडातल्या माणसाने तो लावला आहे, राखला आहे, तोडला आहे, आणि तोडून झाल्यावर पश्चात्तापाने पुन्हा लावला आहे.

आपल्या महाराष्ट्रात या वृक्षाची ओळख बहुधा काष्ठौषधींच्या दुकानात होते. बाळंतकाढ्याच्या पुडीत जे सुगंधी, तेलकट, पिवळट तपकिरी कपचे येतात ते देवदाराचे. मागल्या पिढीत विलायती मालाची जी पांढरी, हलकी खोकी 'देवदारी' म्हणून घरोघर पोथ्या नि भांडी ठेवण्यास उपयोगी पडत, ती परदेशच्या पाइन जातीच्या झाडांची असत आणि त्यांचा खऱ्या देवदाराशी संबंध नावापुरताच असे. तिसरा संबंध श्रद्धेचा आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेशाचे स्थान दारुकावनात असल्याचे स्तोत्र सांगते. मराठवाड्यातील औंढा नागनाथ हे ते स्थान, असे आपण मानतो, सौराष्ट्रातील लोक द्वारकेजवळच्या नागेश्वराचे नाव घेतात, आणि कुमाऊंतील ब्राह्मण अलमोड्यापलीकडच्या जागेश्वराकडे निर्देश करतात. या वादाचा निवाडा करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु जागेश्वराची बाजू मांडणाऱ्यापाशी एक साक्षीदार असा आहे की जो इतर दोघांपाशी नाही: तेथील शंभराहून अधिक लहानमोठ्या देवळांचा समूह ज्या अरुंद दरीत उभा आहे, तिच्या दोन्ही अंगांस देवदारांचे घनदाट बन आहे.

अफगाणिस्तानच्या पूर्व भागापासून चित्राल, काश्मीर, चंबा, कुलू, बशहर, जौनसार, गढवाल असा उतरत हा वृक्ष नेपाळच्या पश्चिम भागापर्यंत येतो आणि तेथे थांबतो. दार्जिलिंगच्या डोंगरांत जे सुचिपर्ण वृक्ष ओळीने लावलेले दिसतात ते जपानी धुपीचे, देवदाराचे नव्हेत. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार ते दहा हजार फूट ही त्याच्या वस्तीची उंची. हिवाळ्यात हिम हवे, पावसाळा हवा, पण पायाशी पाणी साचलेले मात्र त्याला खपत नाही. तरुणपणी तो शंकूसारखा निमुळता असतो, शेंडा किंचित कललेला आणि फांद्यांची टोके खाली झुकलेली. वय वाढले की शेंड्याची वाढ थांबते, फांद्या आडव्या पसरतात, आणि छत्र चपटे होते. दीडशे फूट उंचीचे वृक्ष चांगल्या जागी सहज आढळतात. स्थानिक लोक त्याला कोठे 'केलो' म्हणतात, कोठे 'दियार'. त्याच्या खोडातून काढलेले काळपट तेल जनावरांच्या खरजेवर लावतात, आणि त्या तेलाचा वास गुराखी जवळून गेला तरी पुष्कळ वेळ हवेत राहतो.

लाकडाचे महत्त्व मात्र याहून फार निराळ्या योग्यतेचे. देवदाराच्या गाभ्यात जे तेल असते त्यामुळे त्याला वाळवी शिवत नाही आणि ओल लवकर कुजवीत नाही. सागवान दक्षिणेत जे काम करते ते पश्चिम हिमालयात देवदार करतो. श्रीनगरची जामा मशीद चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुलतान सिकंदराने बांधावयास घेतली. आगींत ती वेळोवेळी भस्मसात झाली आणि पुन्हा उभी राहिली. आजच्या वास्तूत 378 स्तंभ आहेत, आणि त्यांतील प्रत्येक स्तंभ म्हणजे एका देवदाराचा सबंध सोट. झेलमवरचे जुने कदल, म्हणजे लाकडी पूल, ज्यांच्या खांबांना शेकडो वर्षे नदीचे पाणी लागत असे, तेही याच लाकडाचे. कुलूत मनालीजवळ धुंगरीच्या बनात 1553 साली राजा बहादुरसिंहाने हिडिंबेचे देऊळ उभारले, त्याची चार छपरे एकावर एक चढत गेली आहेत आणि दाराची चौकट कोरीव कामाने भरून गेली आहे. सतलजच्या खोऱ्यातील 'काठकुणी' बांधणीची घरे तर पाहण्यासारखी असतात: देवदाराच्या तुळयांचा एक थर, वर सुक्या दगडांचा थर, पुन्हा तुळया, कोपऱ्यावर त्या एकमेकींत अडकविलेल्या, आणि कोठेही चुना नाही की गारा नाही. 1905 च्या कांगड्याच्या भूकंपात दगडविटांच्या पक्क्या इमारती जमीनदोस्त झाल्या, आणि नग्गरचा काठकुणी किल्ला मात्र हलून पुन्हा आपल्या जागी बसला.

असे लाकूड ज्या झाडापासून मिळते ते झाड कोणी तोडावे आणि कोणी तोडू नये, याचे नियम सरकारी कायद्याच्या फार पूर्वी देवांनी घालून दिले होते. कुलू आणि बशहर भागांत गावोगावच्या देवतेच्या नावे राखलेली बने आहेत. त्यातली वाळकी काटकी उचलायची तरी देवाच्या 'गूरा'स, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो त्या माणसास, विचारावे लागे. सह्याद्रीतील देवराई पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कुमाऊंत तर याहून मोठे नवल आहे. तेथे देवदाराची बने बहुतांशी देवळांच्या आसपासच सापडतात, आणि वनशास्त्रज्ञांचे मत असे पडले की हा वृक्ष त्या प्रदेशात मूळचा नसावा. गढवालकडून येणाऱ्या पुजाऱ्यांनी आणि यात्रेकरूंनी तो आणून लावला असावा. हे मत ग्राह्य धरले तर जागेश्वरचे बन ही निसर्गाची देणगी ठरत नाही, ती एक बाग ठरते. आणि ज्यांनी ती लावली त्यांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत.

इंग्रजांना या झाडाचे आकर्षण प्रथम वाटले ते शोभेसाठी. रॉक्सबर्गने त्याला पाइनच्या कुळात घालून 'देवदारा' हेच नाव लॅटिनात कायम ठेवले. 1830 साली जॉर्ज डॉनने त्याची सीडरच्या जातीत बदली केली. सहारनपूरच्या सरकारी बागेचा अधीक्षक डॉ. रॉयल मैदानात जी पहाडी झाडे तग धरीत नाहीत त्यांच्यासाठी मसुरीस शाखा-बाग राखीत असे. 1831 साली लेस्ली मेल्व्हिल याने देवदाराचे बी विलायतेस पाठविले, आणि पुढील वीस-तीस वर्षांत इंग्लंडातील जमीनदारांच्या हिरवळीवर, चर्चच्या आवारांत आणि दफनभूमींत या कललेल्या शेंड्याच्या वृक्षाची एवढी साथ पसरली की ज्याच्या घरापुढे देवदार नाही तो गृहस्थ मागासलेला समजला जाई. यातून इमारती लाकडाचे उत्पन्न निघेल अशी आशाही बाळगण्यात आली होती. ती सफळ झाली नाही. हिमालयातील सहा-सात हजार फुटांवरचे कोरडे तेज आणि खोल हिम यांची भरपाई इंग्लंडच्या धुक्याने कशी व्हावी? झाडे जगली, देखणी झाली, आणि तेवढ्यावर भागले.

दुसरीकडे शिमल्यात 1819 साली लेफ्टनंट रॉसची गवताने शाकारलेली एक झोपडी होती, 1822 मध्ये कॅप्टन केनेडीचे पक्के घर झाले, आणि 1864 पासून तेच ठिकाण उन्हाळ्यापुरती हिंदुस्थानची राजधानी बनले. त्या राजधानीतील प्रत्येक बंगल्याच्या तुळया, तक्ते, जिने आणि हिवाळ्यातील सरपण यांचा बोजा जाखूच्या आणि आसपासच्या टेकड्यांवरील बनांवर पडला. बंगल्यांचे नवे मालक मात्र आपल्या अंगणात देवदाराची रोपे मोठ्या हौसेने लावीत. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दुतर्फा लावलेली ती तीन-चार फुटांची रोपे दिसत मोठी गोजिरवाणी, पण साठ-सत्तर वर्षांनी त्याच बंगल्याच्या वारसास दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागे, कारण झाड छपरावर झुकलेले असे आणि त्याच्या सुयांनी पन्हाळी तुंबलेली असे.

यापुढची हकीकत नदीकाठची आहे. तेव्हाच्या टेहरी गढवाल संस्थानच्या मुलखात, गंगोत्रीच्या वाटेवर, भागीरथीच्या काठी हरसिल म्हणून गाव आहे; तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेडरिक विल्सन नावाचा एक इंग्रज येऊन राहिला. शिकारीची कातडी विकून त्याने बस्तान बसविले, टेहरीच्या राजाकडून जंगलतोडीचा इजारा मिळविला, आणि देवदाराचे ओंडके भागीरथीत सोडून देऊन हरिद्वारास बाहेर काढण्याची अशी काही व्यवस्था लावली की लोक त्याला 'पहाडी विल्सन' म्हणूनच ओळखू लागले आणि काही तर मागे 'राजा' ही पदवी लावीत. त्याने स्वतःच्या नावाचे बिल्ले पाडून ते नाण्यांसारखे चालविले. 1864 मध्ये त्याने हरसिलला देवदाराचाच एक प्रशस्त बंगला बांधला. तो 1997 साली आगीत गेला. विल्सनच्या साहसाचे कौतुक करणारे पुष्कळ लिहून झाले आहे. ज्या उतारांवरून त्याने लाकूड नेले तेथील गावकऱ्यांना या व्यवहारात मजुरीपलीकडे काय मिळाले, हा हिशेब त्या लेखनात फारसा सापडत नाही.

विल्सनला श्रीमंत केले ते आगगाडीने. अमृतसर ते लाहोर हा मार्ग 1862 साली खुला झाला, आणि पंजाबात पुढे जे जाळे विणले गेले त्याच्या प्रत्येक मैलाला सतराशे ते दोन हजार स्लीपर लागत. कोणतेही औषध न पाजता रुळांखाली वर्षानुवर्षे टिकेल असे लाकूड हिंदुस्थानात तिघांचेच: साग, साल आणि देवदार. उत्तरेकडच्या रेल्वेला पहिला सोयीचा नव्हता, दुसरा दूरचा होता. तिसरा मात्र पंजाबच्या पाचही नद्यांच्या उगमापाशी उभा होता, आणि वाहतुकीचा खर्च नदी सोसणार होती. डोंगरावर झाड पाडीत, तेथेच आरेकश लांब करवतीने त्याचे नऊ-दहा फूट लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच जाड असे तुकडे पाडीत, मग ते लाकडी पन्हळीतून, पाणी असेल तेथे पाण्याबरोबर आणि नसेल तेथे कोरडेच, नाल्यापर्यंत घसरवीत आणि नाल्यातून नदीत लोटीत. प्रत्येक तुकड्यावर मालकाचा ठसा हातोड्याने उमटविलेला असे. खाली मैदानात, जेथे नदी संथ होते तेथे, म्हशीच्या सबंध कातड्यात हवा भरून त्यावर पालथे पडलेले पोहणारे प्रवाहात शिरत आणि पायांनी वल्हवीत एकेक लाकूड काठाला लावीत. पुरात वाहून गेलेल्या आणि कोणाच्या तरी शेतात जाऊन पडलेल्या लाकडावर हक्क कोणाचा, ठशाचा की शेताचा, यावरून झालेल्या तंट्यांसाठी सरकारला स्वतंत्र नियम करावे लागले.

नदीच्या वरल्या टोकाला जी राज्ये होती ती बहुधा लहान पहाडी संस्थाने. त्यांच्या राजांना रोख रकमेची निकड असे, आणि सरकारला लाकडाची. 1864 या एकाच वर्षी बशहरच्या राजाची जंगले सरकारने पट्ट्याने घेतली आणि चंब्याच्या राजाची 99 वर्षांच्या मुदतीने. त्याच वर्षी मद्रास इलाख्यातून मुद्दाम बोलावून आणलेल्या डॉ. ह्यू क्लेगहॉर्न या वैद्याने पंजाब आणि पश्चिम हिमालयातील जंगलांवर आपला विस्तृत अहवाल सादर केला. ठेकेदारांनी नदीकाठची सोयीची जंगले कशी उजाड केली आहेत, बुंधे कंबरेइतक्या उंचीवर कापून निम्मे लाकूड कसे वाया घालविले आहे, याची त्याची निरीक्षणे आजही अंगावर येतात. आणि त्याच वर्षी डिट्रिक ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली हिंदुस्थान सरकारचे वनखाते सुरू झाले. पुढल्या वर्षी पहिला कायदा, 1878 मध्ये दुसरा आणि अधिक कडक, आणि त्याच साली डेहराडूनला वनविद्यालय.

खात्याचा उद्देश परोपकाराचा नव्हता. रुळांखालचे लाकूड संपू नये एवढाच होता. पण त्या उद्देशाने जे काम सुरू झाले ते इतक्या चिकाटीचे होते की त्याचे वर्णन केल्याखेरीज पुढे जाववत नाही. चक्रात्याजवळच्या देवबनात, कुलूत, बशहरात, सरकारी माळ्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या पहाडी मजुरांनी जे शिकून घेतले ते असे. देवदाराला फुलोरा भाद्रपद-आश्विनात येतो. पिवळे पराग वाऱ्याने ढगासारखे उडतात, आणि फळ म्हणजे तो उभा, पिंपासारखा, चार-पाच इंचांचा शंकू, पिकावयास तेव्हापासून सबंध एक वर्ष घेतो. पिकल्यावर तो खाली पडत नाही. फांदीवरच त्याचा एकेक खवला सुटून वाऱ्यावर जातो, आणि मागे मधला दांडा तेवढा उभा राहतो. म्हणून बी हवे असेल तर शंकू तपकिरी होऊ लागताच, खवले सुटण्याआधी, माणसाला शंभर फूट वर चढावे लागते. उतरविलेले शंकू उन्हात पसरतात. ते आपणच फुटतात, आणि पंख असलेले तेलकट बी हाती येते. हे तेलच त्याचे वैरी. धान्याच्या बियाण्यासारखे ते कोठीत ठेवता येत नाही. काही महिन्यांतच त्याची उगवणशक्ती जाते. शिवाय भरघोस बी दरवर्षी येत नाही, काही वर्षांआड येते, आणि त्या वर्षी ज्याची वाफ्याची तयारी नसेल त्याने पुढल्या सुगीची वाट पाहावी.

पेरणीचा उत्तम काळ मार्गशीर्ष-पौष, हिम पडण्यापूर्वीचा. वाफे उत्तरेकडील उतारावर, पाण्याचा निचरा होईल असे किंचित उंच बांधलेले असतात. त्यांत बी ओळीने टाकून वर बोटभर माती पसरतात आणि पुढचे काम हिमावर सोपवितात. तीन महिने वाफा पांढऱ्या पांघरुणाखाली असतो. चैत्रात हिम वितळले की मातीतून एक आकडा बाहेर येतो, तो सरळ होतो, आणि त्याच्या माथ्यावर आठ-दहा कोवळ्या सुयांचा झुबका उलगडतो. पण उलगडण्यापूर्वी काही दिवस बियाचे टरफल टोपीसारखे त्या सुयांवर बसलेले असते, आणि पाखरांना नेमके तेच हवे असते. टरफलाबरोबर ती रोपाचा शेंडाही खुडून नेतात. म्हणून या दिवसांत वाफ्याजवळ एखादे पोर डबा वाजवीत बसविलेले असते. पाखरांतून जी वाचतात त्यांच्यावर वैशाख-ज्येष्ठाचे ऊन येते. त्यासाठी फांद्यांचे किंवा रिंगाळाचे, म्हणजे पहाडी वेळूचे, ताटवे वर धरावे लागतात, आणि ते सावलीसाठी आहेत, अंधारासाठी नाहीत, हे नव्या मजुराला दरवर्षी नव्याने सांगावे लागते, कारण सावली अतोनात झाली की रोपे मुळापाशी काळी पडून आडवी होतात. पहिल्या हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि रोपाला मुळासकट वर उचलते. तेव्हा वाफ्यांवर पाला किंवा शेवाळ पसरावे लागते. रोप स्वतः या काळात वर फारसे दिसत नाही. पहिल्या वर्षी त्याची सारी कमाई मुळावर खर्च होते. बोटभर उंचीच्या रोपाचे सोटमूळ वीतभर खोल गेलेले असते, आणि ते तुटले की रोप गेले. एक वर्षाने दुसऱ्या वाफ्यात हलवावयाचे, आणि अडीच वर्षांचे झाले की आषाढाच्या पहिल्या पावसात मातीच्या गड्ड्यासह डोंगरावर न्यावयाचे.

आणि मग पाच-दहा वर्षे राखण. शेळी देवदाराचा शेंडा आवडीने खाते, मेंढी खाते, गाय तुडविते. वणवा लागला तर लहान रोपाला काहीच आशा नसते. आश्चर्य असे की मोठ्या देवदारांच्या दाट बनात खाली आपोआप उगवलेली रोपेही पुष्कळदा मरून जातात. सुयांचा न कुजलेला थर इतका जाड साचतो की कोवळे मूळ खालच्या मातीपर्यंत पोहोचण्याआधीच उन्हाळा येतो. म्हणून खात्याने एक पद्धत बसविली. सबंध बन एकदम न तोडता उत्तम बीज देणारी झाडे अंतराअंतरावर उभी ठेवावयाची, बाकीची काढून जमिनीवर उजेड पडू द्यावयाचा, थर खरवडून माती उघडी करावयाची, आणि वीस-तीस वर्षांनी खाली नवी पिढी उभी राहिली की मग ते मातृवृक्ष उतरवावयाचे. एका पिढीची मुदत धरली होती सव्वाशे ते दीडशे वर्षे. ज्या अधिकाऱ्याने अशा योजनेवर सही केली, त्याचा नातूही ती पुरी झालेली पाहणार नव्हता. या कल्पनाशक्तीबद्दल ब्रँडिसच्या शिष्यांना श्रेय न देणे कृतघ्नपणाचे होईल.

पण त्या शिष्यांना जे दिसले नाही तेही सांगितले पाहिजे. राखीव जंगलाची हद्द आखली गेली तेव्हा तिच्या आत अशी बने आली की जेथे गावाची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरत होती आणि घर बांधताना गावकरी एखादे झाड तोडून आणीत होता. कुलूत 1886 च्या सुमारास अँडरसन या अधिकाऱ्याने जो वनबंदोबस्त केला त्यात या वहिवाटीची घरवार नोंद आहे: कोणत्या गावच्या कोणत्या हकदाराला चराई, गवत, पाला, सरपण आणि घरासाठी इमारती लाकूड कोठून किती घेता येईल, याची. 'बर्तन' म्हणतात तो हक्क हाच, आणि तो मिळालेला 'बर्तनदार'. नोंद झाली हे चांगले झाले. पण नोंद झाली त्याच दिवशी हक्काचे रूपांतर सवलतीत झाले, आणि सवलत मागण्यासाठी रेंजच्या कचेरीत खेटे घालावे लागू लागले. दरम्यान गावोगाव 'राखा' नेमला गेला. तो बहुधा त्याच गावचा, त्याच्याच चुलतभावाच्या शेळ्या हाकलण्यास नेमलेला. तुटपुंज्या पगारावर त्याने कोणाची बाजू घ्यावयाची हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे. कालिदासाच्या सिंहाला ही अडचण नव्हती. त्याचा तनखा अपराध्यातूनच वसूल होत असे आणि अपराधी त्याचा नातलग नसे.

शिमल्यावर लिहिणाऱ्या साहित्यिकांपैकी मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने 1888 साली एका कथासंग्रहाला देवदारांचेच नाव दिले, आणि तो अलाहाबादच्या व्हीलर कंपनीने रेल्वे स्टेशनांवर विकण्यासाठी काढलेल्या स्वस्त मालेत निघाला. फलाटावर जो प्रवासी ते पुस्तक विकत घेत असेल, त्याच्या गाडीखाली उत्तरेच्या कित्येक मार्गांवर खरा देवदार पसरलेला होता. त्या स्लीपरांचे आयुष्य बारा-चौदा वर्षांचे असे. मग नवे झाड.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहालयात सातशे वर्षांहून अधिक वयाच्या एका देवदाराचा आडवा छेद ठेवलेला आहे. माणसाच्या उंचीहून मोठे ते वर्तुळ, आणि त्यातील कडी काठाकडे अधिकाधिक दाट होत जाणारी. कडी मोजत आत जाणाऱ्या मराठी पाहुण्याला ध्यानात येते की हे झाड अंकुरले त्या वेळी देवगिरीवर यादवांचा अंमल होता. पण माझ्या मते त्या छेदात पाहण्याची खरी जागा काठाजवळची आहे. तेथे कडी सर्वांत रुंद आहेत की अरुंद, हे पाहून भोवतालची झाडे केव्हा तोडली गेली आणि या एकट्याला उजेड केव्हा मिळाला, हे जाणकार सांगू शकतो.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, पट्टे संपले, आणि जंगले राज्यांच्या खात्यांकडे आली. देवदार हा हिमाचल प्रदेशाचा राज्यवृक्ष झाला, आणि सरहद्दीपलीकडे पाकिस्तानने त्याला राष्ट्रवृक्षाचा मान दिला. तोडीचे मान मात्र दीर्घकाळ जुनेच राहिले. रुळांखाली काँक्रीट आले तोपर्यंत सफरचंदांच्या पेट्यांसाठी लाकडाची मागणी सुरू झाली होती. 1980 नंतरच्या दशकात हिरव्या झाडांची तोड बंद करण्याचे हुकूम निघाले, आणि 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे मंजूर कार्य-योजनेशिवाय देशात कोठेही वनजमिनीवरील झाड पाडता येईनासे झाले. अलीकडे देवदारावर पाने खाणाऱ्या अळीची धाड अधूनमधून पडते, सबंध उतार विटकरी होतो, आणि त्यावर बंदीहुकुमाचा काही इलाज चालत नाही. हिम उशिरा आणि थोडे पडते, तेव्हा मार्गशीर्षात पेरलेले बी उघड्या थंडीत राहते; म्हणून रोपवाटिकांत आता वाफ्यांच्या जोडीला पिशव्या आल्या आहेत आणि पेरणी फाल्गुनावर ढकलली जाऊ लागली आहे. सोटमूळ पिशवीच्या तळाशी पोहोचले की गुंडाळते. ते गुंडाळण्यापूर्वी रोप जमिनीत गेले पाहिजे, आणि जमिनीत गेल्यावर पाच वर्षे कुंपण टिकले पाहिजे. कुलूच्या एखाद्या देवळाची तुळई बदलावयाची असली तर गावकरी आजही आधी गूराला विचारतात आणि मग रेंज कचेरीत अर्ज देतात. देवाने रुकार दिला की झाडाच्या बुंध्यावर शेंदूर लागतो, आणि खात्याने दिला की त्याच बुंध्यावर हातोड्याचा ठसा.